गाव न मानलेल्या वाड्या

पुण्याहून मुंबईकडे उतरणारी गाडी खंडाळा सोडते, बोगदे सुरू होतात आणि घाटाच्या मध्यावर ती एका आडरानात उभी राहते. रुळांलगत केबिन, सिग्नल आणि नावाची पाटी: ठाकुरवाडी. घाट उतरताना ब्रेक नीट लागतात की नाही, हे तपासण्यासाठीचा हा थांबा. थोड्या वेळाने गाडी हलते, पळसदरी मागे पडते, कर्जत येतं आणि वड्यासाठी फलाटावर झुंबड उडते. रोज हजारो माणसं ते नाव वाचतात. त्या नावाच्या वस्तीत पाऊल टाकलेली माणसं त्यांच्यात किती असतील?

ठाकुरवाडी एक नाही. रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर या घाटाखालच्या तालुक्यांत अनेक मोठ्या गावांना आपापली ठाकुरवाडी आहे. गाव खाली भातखाचरांच्या कडेला, वाडी वर उतारावर नाहीतर माचीवर. वीस-पंचवीस घरांपासून शंभरेक घरांपर्यंत. पूर्वी कुडाच्या भिंती असायच्या, आता बऱ्याच ठिकाणी विटा आणि पत्रे आले आहेत. राहणारे म-ठाकूर किंवा क-ठाकूर, दोन्ही अनुसूचित जमाती. २०११च्या जनगणनेत रायगडची लोकसंख्या २६ लाखांवर होती, त्यात आदिवासी तीन लाखांच्या घरात. त्यांतले कातकरी बहुतांशी भूमिहीन, भट्टीवर आणि बांधकामावर जाणारे. ठाकूर मात्र जमिनीला धरून राहिलेले, खाली थोडं भात आणि वरकसावर नाचणी-वरी पिकवणारे.

या वाड्यांबद्दल बोलताना, तिथपर्यंत विकास अजून पोचायचा आहे, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते मान्य नाही. विकास इथून दीडशे वर्षांहून अधिक काळ जातो आहे. रेल्वे इथून गेली, वीज इथे तयार झाली, पाणी इथून वाहत गेलं, द्रुतगती मार्ग इथून गेला. या प्रत्येक वेळी वाडीच्या डोंगराचं, पाण्याचं आणि हातांचं काय करायचं याचा निर्णय झाला, आणि एकाही निर्णयाच्या कागदावर वाडीची सही नव्हती. ती घेण्याची गरजच कोणाला वाटली नाही, कारण कायद्याच्या नजरेत वाडी हे गाव नाही. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, पण ते नीट सांगायचं तर मागे जावं लागेल.

बोरघाटातल्या लोहमार्गाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. पंचवीसच्या आसपास बोगदे, खोल दऱ्यांवरचे दगडी पूल. १८६१ मध्ये एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर या घाटात राबत होते. पटकी आणि तापाने किती मेले याचे अंदाज हजारोंमध्ये आहेत. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इंग्लंडहून आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवला, हे रेल्वेच्या इतिहासात कौतुकाने नोंदलेलं आहे. मजुरांची नावं कुठेच नाहीत. घाटाने मुंबईला देशावरचा कापूस आणि धान्य आणून दिलं. बंदर मोठं झालं, गिरण्या उभ्या राहिल्या. डोंगराला मिळाली ती केबिनवरची पाटी.

गिरण्यांना मग वीज हवी झाली. लोणावळ्याच्या माथ्यावर वळवण, लोणावळा आणि शिरवता ही धरणं बांधून ते पाणी नळांतून घाटाखाली सोडायचं आणि सुमारे पाचशे मीटरच्या उतरंडीवर जनित्रं फिरवायची, ही जमशेटजी टाटांच्या काळातली कल्पना. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजगृह सुरू झालं, १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं. ७२ मेगावॉट आणि ७५ मेगावॉट. आज हे आकडे किरकोळ वाटतील, पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांची चक्रं त्यांवर फिरली. घाटमाथ्यावर मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो इतिहासात गेला. घाटाखाली धरण नव्हतं, बुडणारी जमीन नव्हती, म्हणून झगडाही नव्हता. फक्त विजेच्या तारा वाड्यांच्या डोक्यावरून मुंबईला गेल्या आणि त्याखाली कित्येक वर्षं रॉकेलच्या चिमण्या जळत राहिल्या.

पाण्याचंही असंच. भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणारं पाणी पेज नदीला मिळतं, म्हणून पेज बारमाही वाहते. त्यावर राजनाल्याचा कालवा निघतो आणि कर्जतच्या सखल भागात उन्हाळी भात होतं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला जातं आणि त्यावर रसायनी-पाताळगंगेची कारखानदारी उभी आहे. हे काम चांगलं झालं, त्यात शंका नाही. राजनाल्याखालच्या शेतकऱ्याने दोन पिकं काढली. मात्र पाणी उताराने खालीच जाणार. वाडी नदीच्या वर आहे. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मार्च संपला की वाडीची विहीर तळ गाठते. मग ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा करून डवरा काढायचा, त्यात झिरपणारं पाणी वाटीने हंड्यात भरायचं. टँकर येतो, पण जिथवर रस्ता आहे तिथवरच.

मुंबईला वीज नेणाऱ्या त्या तारांना एकदा हात लागला होता. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोकांचे भाई कोतवाल, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. १९४२ मध्ये त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम हाती घेतली. गिरण्या, रेल्वे आणि युद्धसामग्रीचे कारखाने बंद पडावेत हा हेतू. डोंगरातल्या वाटा ठाऊक असलेल्या आदिवासींच्या आधाराशिवाय ते काम होणारं नव्हतं. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. मनोऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. मला कोतवालांचं त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. पावसाळ्यात सावकाराकडून भात उचलायचं आणि सुगीला दीडपट-दुप्पट परत करायचं, या चक्रातून शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी त्यांनी धान्याची पेढी काढली होती, खेड्यांत शाळा सुरू केल्या होत्या. पुढे कित्येक दशकांनी कशेळे गावी अकॅडेमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने याच तालुक्यात, याच कारणासाठी, ठाकूर-कातकऱ्यांमध्ये पुन्हा धान्य बँका उभ्या केल्या. चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने तोच उपाय पुन्हा करावा लागला, यावरून मधल्या काळात त्या खाचरांत काय बदललं नव्हतं ते कळतं. सरकारनेही हीच गरज ओळखून खावटी कर्ज दिलं, आणि कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, आदिवासी कुटुंबाला चार हजारांचं खावटी अनुदान जाहीर केलं: दोन हजार रोख, दोन हजारांचा किराणा.

वाडीचं वर्ष कसं चालतं ते पाहायचं तर जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या लोकलने कर्जतला किंवा नेरळला उतरावं. स्टेशनबाहेर ठाकर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. टोपलीत शेवळांच्या जुड्या, वरून जांभळट-तपकिरी, टोकाशी निमुळत्या. पहिल्या पावसाच्या सरींनी जमीन फोडून वर येतात, दोन-तीन आठवडेच मिळतात. शेजारी पानाच्या द्रोणात हिरवी काकडं, कारण काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळं घशाला खाजतात. नवं गिऱ्हाईक आलं की बाई जुडी हातात घेऊन वरचं आवरण सोलून दाखवते, आतला पिवळा भाग काढून टाकायला सांगते. तेवढं शिक्षण भाजीच्या किमतीतच. ही बाई पहाटे तीन-चारला वाडीवरून निघालेली असते. आदल्या दिवशी रान तुडवून भाजी गोळा झालेली असते, रात्री जुड्या बांधलेल्या असतात. शेवळं संपली की कोरल, टाकळा, कुरडू, भारंगी, श्रावणात कंटोली. पावसाळा हा वाडीचा पोटाला चिमटा घेण्याचा काळ. खावटी संपत आलेली, भात अजून खाचरात. तेव्हा हातात रोख पैसा येतो तो या टोपलीतून. अलीकडे ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात आणि ते भरावेत. पण भाजी जिथे उगवते तिथून ती वेचायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न महोत्सवात सहसा निघत नाही.

आणि प्रश्न तोच आहे. ठाकराची शेती जंगलाशिवाय होत नाही. भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि ऐनाचे टहाळ पसरून राब भाजावा लागतो. टहाळ तोडायला झाड हवं, झाड वनखात्याचं. उतारावरची नाचणी-वरी जिथे होते ती बरीचशी जमीन दळीची. दळी ही कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याची खास व्यवस्था. इंग्रजांच्या काळापासून वनखात्याने ठाकूर, कातकरी, धनगरांना डोंगरउतार कसायला भाड्याने दिले, पुष्कळदा गटाच्या नायकाच्या नावाने. कसणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या, नायकाच्या नावाखालची जमीन कोणाची किती याचा कागद झाला नाही. २००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा असे पट्टे मालकीत बदलण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला गेला. रायगडमध्ये सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी दळीधारकांचे दावे लावून धरले म्हणून ते पुढे सरकले. तरी प्रत्यक्ष हातात आलेला तुकडा आणि कसत असलेली जमीन यांचा मेळ अनेक वाड्यांत बसत नाही.

जी जमीन सातबाऱ्यावर आदिवासीच्या नावाने आहे तिला १९७४ पासून महसूल कायद्याच्या ३६-अ कलमाचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीला विकता येत नाही. हे कलम नसतं तर कर्जत-खालापूरमध्ये आज ठाकुरांच्या नावाने काय उरलं असतं याची कल्पना करवत नाही, कारण भोवतालची जमीन गेली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर नदीकाठ, टेकड्या आणि माळ बघता बघता फार्महाऊस, रिसॉर्ट, दुसऱ्या घरांच्या वसाहतींनी भरले. २००५ मध्ये चौक गावाच्या बाजूला कलादिग्दर्शक नितीन देसाईंचा चित्रपट स्टुडिओ उभा राहिला, २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका हे मनोरंजन उद्यान. त्याच वर्षी नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी सिडकोला नियोजनाचे अधिकार मिळाले, म्हणजे नैना आलं. वाडीतल्या तरुणांना त्यातून काम मिळालं हे खरं आहे. बागकाम, राखण, स्वयंपाक, बांधकाम, शनिवार-रविवारी ट्रेकर्सना वाट दाखवणं आणि पिठलं-भाकरी खाऊ घालणं. पैसा हातात खेळू लागला, पोरांकडे मोटरसायकली आल्या. याला कमी लेखण्याचं कारण नाही; सावकाराच्या दीडपटीपेक्षा महिन्याचा पगार केव्हाही बरा. पण राखणदाराची नोकरी मालकाच्या मर्जीवर असते, आणि ज्या टेकडीवर बंगला झाला तिथून वाडीच्या गुरांची आणि सरपणाची वाट बंद होते.

१९ जुलै २०२३च्या रात्री काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे, तरी सांगायला हवं. खालापूर तालुक्यात चौकच्या वर इर्शाळगड आहे. त्याच्या कुशीत, नानिवली गावावरून तासा-दीड तासाच्या चढावर, ठाकुरांची इर्शाळवाडी होती. पंचेचाळीस-पन्नास घरं, सव्वादोनशेच्या आसपास माणसं. तीन दिवसांत पाचशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला होता. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास डोंगराचा भाग सुटला आणि झोपेतल्या घरांवर आला. वाडीच्या शाळेत मोबाइल बघत बसलेली काही पोरं वाचली आणि त्यांनीच खाली कळवलं. पहिली मदत अंधारात, पावसात, चिखलाच्या पायवाटेने चढली. चढता चढताच एक अग्निशमन अधिकारी हृदयविकाराने गेले. जेसीबी वर जाऊ शकत नव्हता. धुकं आणि पाऊस यांमुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं. राष्ट्रीय आपत्ती दलाच्या जवानांनी आणि स्थानिक पोरांनी फावड्या-कुदळींनी माती उपसली. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं मातीखालीच राहिली होती. आश्रमशाळेत शिकायला गेलेली मुलं वाचली. त्यांतल्या कित्येकांचे आईबाप, भावंडं राहिली नाहीत. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे दुसऱ्या दिवशी स्वतः डोंगर चढून गेले. आश्वासनं दिली गेली, आणि हेही नोंदवायला हवं की ती पाळली गेली: वाचलेल्यांना आधी कंटेनरमध्ये निवारा मिळाला, मग चौकजवळ सिडकोने पक्की घरं बांधली.

त्या आठवड्यात सगळीकडे एकच प्रश्न होता: ही माणसं तिथे राहतच का होती? शहरातला माणूस हे सहज विचारतो. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने सांगितलं. ते खरंच होतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं कारण आहे. यादी गावांची असते. वाडी त्यात कशी येणार? महसुली गाव खाली. वाडी त्या गावाचा एक भाग, ग्रामपंचायतीत एखाद-दुसरा सदस्य. वाडीला स्वतःचं गावठाण बहुधा नसतं. घरं वनजमिनीवर किंवा मालकीच्या जमिनीवर, कशीबशी उभी. कुटुंबं वाढली की नवं घर बांधायला जागा नाही. खाली सरकावं तर जागा वनखात्याची नाहीतर खाजगी मालकाची, आणि खाजगी जमिनीचा भाव आता मुंबईच्या भाषेत बोलतो.

इथे कायद्याचं एक अंतर दाखवतो, जे नकाशावर दिसत नाही. खांडसवरून शिडी घाटाने भीमाशंकरला चढून गेलं की पलीकडे पुणे जिल्ह्याचा आंबेगाव तालुका लागतो. उत्तरेला ठाण्याचा मुरबाड. या दोन्ही तालुक्यांतली कित्येक गावं १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. रायगड जिल्ह्यातलं एकही गाव त्यात नाही. डोंगर तोच, लोक तेच, सोयरीकही एकमेकांत. पण पलीकडच्या वस्तीला १९९६चा पेसा कायदा लागू होतो. त्यात पाडा किंवा वाडी स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकते, तिची स्वतंत्र ग्रामसभा होते, गौण खनिज, गौण वनोपज, भूसंपादन यांवर तिचं मत घ्यावं लागतं. अलीकडच्या ठाकुरवाडीला यातलं काही नाही.

फरक तिथे संपत नाही. पंतप्रधान ग्राम सडक योजना २००० मध्ये आली तेव्हा रस्त्यासाठी सपाट भागात किमान ५०० लोकवस्तीची अट होती. डोंगरी राज्यं आणि पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भाग यांना ती २५०वर आणली होती. म्हणजे चारशे माणसांची वस्ती अनुसूचित क्षेत्रात असेल तर पात्र, कर्जतच्या डोंगरावर असेल तर अपात्र. २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून वनालगतच्या वस्तीतल्या वाढत्या कुटुंबांना शेजारच्या वनजमिनीवर घर बांधण्याची वाट मोकळी केली. इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी नेमकं हेच हवं होतं. पण राज्यपालांचा तो अधिकार पाचव्या अनुसूचीतून येतो, म्हणून ती सवलतही अनुसूचित क्षेत्रापुरती. २०२४ मध्ये केंद्राने धरती आबा अभियान सुरू केलं, त्याची मुख्य अट पुन्हा तीच: पाचशेहून अधिक वस्तीचं आदिवासीबहुल गाव. वाडी शंभर टक्के आदिवासी असेल, पण तिची मोजणी खालच्या गावात होते आणि तिथे ठाकूर अल्पसंख्य ठरतात. जनमन योजना आदिम जमातींसाठी, त्यात कातकरी आहेत, ठाकूर नाहीत. राज्याच्या ठक्कर बाप्पा योजनेतून आणि बिरसा मुंडा जोडरस्ते योजनेतून काही वाड्यांपर्यंत रस्ते, समाजमंदिरं, नळपाणी आलं आहे, हेही सांगितलं पाहिजे. पण कोणत्या वाडीचं नाव प्रस्तावात घालायचं ते वाडी ठरवत नाही.

पेसा असता तर दरड कोसळली नसती, असं मी म्हणत नाही. आंबेगावातलं माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं दगावली. डोंगर कायदा वाचत नाही. पण माळीणला डांबरी रस्ता होता. सकाळच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून जगाला कळलं, आणि त्याच रस्त्याने यंत्रं पोचली. इर्शाळवाडीत माती हातांनी उपसावी लागली.

रस्त्याचा प्रश्न आला की वनखात्याकडे बोट दाखवलं जातं. माथेरानचा डोंगर आणि भोवतालचा २१४ चौरस किलोमीटरचा टापू २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्याच्या उतारावर जुम्मापट्टी, बेकरेवाडी, आसलवाडी अशा वाड्या रस्त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करत आल्या. बाळंतीण असो, सर्पदंश असो, बांबूला घोंगडी बांधून झोळी करायची, चौघांनी खांदा द्यायचा आणि डांबर लागेपर्यंत चालायचं. झोळी करणारे हात सरावलेले असतात: घोंगडीची गाठ बांबूवर दुहेरी मारतात, डोक्याची बाजू चढाकडे ठेवतात, आणि पुढचा माणूस उतारावर कुठे पाय घसरतो ते मागच्याला ओरडून सांगत जातो. जंगल राखलं पाहिजे याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. २०११चा गाडगीळ समितीचा अहवाल सह्याद्रीबद्दल जे सांगून गेला ते दर पावसाळ्यात खरं ठरतं आहे. पण वनहक्क कायद्याच्या कलम ३(२)मध्ये शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता अशा तेरा कामांसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची सोय आहे. हेक्टरी ७५हून अधिक झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, एवढीच अट. दिल्लीला फाइल पाठवावी लागत नाही. म्हणजे रस्ता आणि जंगल यांत एकाचीच निवड करावी लागते, हे खरं नाही. अडतं ते ग्रामसभेच्या शिफारशीपाशी. खालच्या गावच्या ग्रामसभेत वाडीच्या रस्त्याचा विषय शेवटी येतो, तोवर वाडीची माणसं परतीच्या चढाला लागलेली असतात.

राजकारणात ठाकुरांचं वजन पडत नाही तेही याचमुळे. कर्जत विधानसभा मतदारसंघ खुला आहे. पेणला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, पण खोपोलीच्या वरच्या वाडीतून पेणला जाऊन दाखल्याचं काम करून परत यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. दाखल्याचीही एक वेगळीच परीक्षा आहे. ठाकूर हे नाव इतरही समाजांत असल्याने राखीव जागांवर कोणाचा हक्क, याचे खटले वर्षानुवर्षं चालू आहेत. १९७६ पर्यंत या जमातीची मान्यता ठराविक तालुक्यांपुरती होती, ती मर्यादा संसदेने काढली आणि मग पडताळणी समित्यांनी चालीरीतींची, सणांची, देवदेवतांची प्रश्नावली पुढे केली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही आप्तभावाची कसोटी अंतिम मानता येणार नाही, असं सांगितलं. डोंगरावरच्या मुलाला मात्र आपण ठाकूर आहोत हे शाबीत करायला आजही आजोबांच्या शाळेचा दाखला लागतो, आणि आजोबांच्या काळी वाडीवर शाळा नव्हती.

आता पुढे काय येतं आहे ते पाहा. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गासाठी वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खोदला गेला आणि चौक मुंबईचं उपनगर व्हायच्या मार्गावर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला, त्यात भिवपुरीला १००० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, जुन्या वीजगृहाच्या तेरापट क्षमतेचा. उल्हास नदीवरचं कोंढाणे धरण सिंचनासाठी म्हणून निघालं, गैरव्यवहाराच्या आरोपांत अडकलं आणि शेवटी नैनाच्या पाण्यासाठी सिडकोकडे गेलं. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कर्जत तालुक्यातल्या पोशीर आणि शिलार या दोन धरणांना मंजुरी दिली. दोन्ही मिळून अकरा हजार कोटींवर खर्च, पाणी मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांना. पोशीरच्या बुडीत क्षेत्रातल्या गावांचा आणि वाड्यांचा विरोध आहे. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला पाणी नको असं कोण म्हणेल? पण १९१५ आणि १९२२ मध्ये जे विचारलं गेलं नाही ते आता विचारायचं की नाही, एवढा तरी फरक शंभर वर्षांत पडायला हवा.

तो पाडण्यासाठी मोठ्या घोषणेची गरज नाही. रायगडचा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात घ्यायचा तर राष्ट्रपतींचा आदेश लागतो. त्यासाठी राज्याने प्रस्ताव पाठवायला हवा आणि तो पाठवावा. पण त्याची वाट न पाहता अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून होण्याजोगी एक गोष्ट आहे. वनहक्क नियमांत २०१२च्या दुरुस्तीने २-अ हा नियम आला. महसुली नोंदीत नसलेल्या वाड्या-पाड्यांची यादी पंचायतींनी करायची, ग्रामसभेने ती मंजूर करायची आणि उपविभागीय अधिकाऱ्यांमार्फत ती जिल्हा समितीने अंतिम करायची, असं तो सांगतो. यादीत वाडी आली की वनहक्कासाठी ती स्वतंत्र वस्ती ठरते. मग तिची सभा वाडीतच भरते. सामूहिक वनहक्काचा दावा ती करू शकते, रस्त्याची शिफारस तीच लिहिते, दरडीची भीती असेल तर कोणत्या जागी उतरायचं हेही तिलाच मांडता येतं. गडचिरोलीत मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवले आणि पुढे बांबू स्वतः विकायला सुरुवात केली, तेव्हा तिथेही आधी गावाची सभाच होती. कर्जत-खालापूरच्या ठाकुरवाड्यांना शेवळांच्या रानावरचा हक्क याच कायद्याने मागता येतो.

हे काम पोशीरचं भूसंपादन आणि भिवपुरीची नवी कामं वेग घेण्याआधी व्हायला हवं. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाला ग्रामसभेची संमती लागते, इथे ती तरतूद नाही. पण वनहक्काचे दावे निकाली निघेपर्यंत वनहक्कधारकांना त्यांच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही, हे कलम ४(५) इथेही लागू आहे. दावा दाखल असेल तरच त्याचा उपयोग. धरणाच्या मोजणीचे कर्मचारी यायच्या आधी वाडीच्या नावाचा दावा प्रांत कार्यालयात पोचलेला असला पाहिजे, त्यावर पोच मिळालेली असली पाहिजे आणि त्या पोचेची एक प्रत वाडीतल्या शाळेच्या कपाटात असली पाहिजे.